पुन्हा पहिल्यापासून

५ ऑक्टोबर

माझी भिंगरी,

आशीर्वाद आधी, बातम्या मागाहून.

तुझं कार्ड मिळालं. चोवीस तारखेला शहरातल्या मोठ्या सभागृहात, ऐंशी वादकांच्या पुढे उभी राहून माझी मुलगी एकटी व्हायोलिन वाजवणार, ही ओळ मी आधी मनात वाचली, मग मोठ्याने वाचली, आणि मग खिडकी उघडून वाचली. समोरचा शिंपी म्हणाला, "मास्तर, कविता नवीन दिसतेय." मी म्हटलं, "नवीन कुठली, कधीची पाठ करतोय."

संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तुझा खोका अजून खिडकीखाली आहे. साबणाच्या वड्यांचा. वह्या ठेवायला मी स्वतः ठोकून केलेला स्टँड तुझ्यापेक्षा उंच झाला, म्हणून तुलाच उंच करावं लागलं होतं. मुलांना कविता शिकवणाऱ्या माणसाने सुतारकी करू नये, असं तुझी आई म्हणायची.

तू खोक्यावर, मी खुर्चीत, आणि खुर्ची दाराला टेकलेली, म्हणजे कुणी मधेच येऊन तुझं लक्ष मोडायला नको. तू संपवलंस की मी टाळ्या वाजवायचो. दोन लागोपाठ, आणि मग जरा थांबून तिसरी. कवितेच्या ओळीत यति असतो ना, श्वास घ्यायची जागा, तसा तो थांबा. तिसरी पडली की तू लगेच व्हायोलिन हनुवटीखाली धरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. किती हौस तुला. संपलं की विचारायचीस, "आता बरोबर आहे का?" आणि माझ्या पुन्हा टाळ्या. दाराबाहेरून तुझी आई म्हणायची, "अहो, दूध निवलं." कोण ऐकतंय. आपण दोघं कुठल्या कुठे गेलेले असायचो.

ते दिवस माझ्याजवळ पुस्तकात ठेवलेल्या पानासारखे आहेत. रंग गेला, शिरा राहिल्या.

मी येतोय. कोट शिंप्याकडे दिलाय, बाहीत दंड मावेनासा झालाय. कुठे बसायचं तेवढं कळव. फोन करू नकोस. फोन म्हणजे पाण्यावरची रेघ. पत्र लिही.

तुझा बाबा


११ ऑक्टोबर

बाबा, नमस्कार.

तुम्ही येऊ नका.

एक तर तुमचे गुडघे. गाडीत अख्खा दिवस बसायचं, उतरल्यावर जिने, आणि सभागृहात हिवाळा सुरू व्हायच्या आधीच हिवाळा असतो. दुसरं म्हणजे इथले लोक. तुम्हाला वाटतं गाणंबजावणं ऐकायला येणारी माणसं मऊ असतात. इथली नसतात. मी वाजवणार आहे तो कॉन्सर्टो तीन भागांत आहे. एक भाग संपला की मधे शांतता असते, आणि त्या शांततेत टाळी वाजवायची नसते. खोकायला परवानगी आहे, टाळीला नाही. मागच्या महिन्यात एका बाईंच्या पिशवीतल्या किल्ल्या वाजल्या, तर पुढच्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी वळून असं पाहिलं की त्या मध्यंतरात घरी निघून गेल्या. किल्ल्या होत्याच जवळ.

आणि आणखी एक. तुम्ही समोर बसलेले असलात की मला... जाऊ दे. गुडघे सांभाळा. कोट पुन्हा पहिल्यासारखा शिवून घ्या.

मी सगळं सविस्तर लिहीन. कोण जागं होतं, कोण झोपलं, सगळं.

तुमची
भिंगरी


३० ऑक्टोबर

माझी भिंगरी,

बापाने मुलीची आज्ञा पाळली. चोवीस तारखेला घरीच होतो. खिडकीत बसून डोळे मिटले आणि मनातल्या मनात तुझ्या सभागृहाचे दिवे लावले. जरा खोकला झालाय, पण तो ऋतूचा.

आता सांग. संगीताचं मला सांगू नकोस, ते मला कळत नाही; मला लोकांचं सांग. त्यांचे चेहरे कसे होते? वर्गात कविता म्हणून झाली की मी कधीच पहिल्या बाकाकडे बघत नसे. पहिल्या बाकावरची मुलं खोटं बोलतात, त्यांना मार्क हवे असतात. मी शेवटच्या बाकाकडे बघायचो. तिथल्या एखाद्या दांडगटाचा हात खिशातल्या गोटीवरून निघाला असेल, तर समजायचं, कविता पोचली.

तसे तुझ्या सभागृहातले शेवटच्या बाकावरचे लोक. अगदी वरच्या सज्जातले. त्यांच्यापर्यंत पोचलं का? त्यांच्याकडे तू पाहिलंस का?

वाट पाहतोय. पोस्टमन बदललाय, नवा फार सावकाश चालतो.

तुझा बाबा


६ नोव्हेंबर

बाबा, नमस्कार.

कबूल केल्याप्रमाणे लोकांबद्दल.

पहिल्या रांगेत दातांचे डॉक्टर. ते डोळे मिटून बसतात. लोक म्हणतात, काय तल्लीन होतात. बायको शेवटी कोपर मारून उठवते. दुसऱ्या रांगेत पेपरातले समीक्षक. त्यांच्या हातात वही नसते, चेहऱ्यावरच छापून येतं. त्यांच्या शेजारी माझ्या वर्गातली जुनी दोघं, ज्यांना ही संधी हवी होती आणि मिळाली नाही. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती, मांजर बिळाकडे बघतं तशी. एक तरी सूर बाहेर पडेल आणि खाता येईल.

मी त्यांना उपाशी ठेवलं. पहिला भाग बरा गेला. मधे सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि मी एकटीच वाजवते, तिथे खोकणारेसुद्धा खोकायचे विसरले. मग सुरांची शेवटची उतरंड, सगळे एकदम, धडाम, संपलं. शांतता. कंडक्टरने घाम पुसायला रुमाल काढला.

आणि वरच्या सज्जातून टाळी.

एकच माणूस. दोन लागोपाठ, आणि मग जरा थांबून तिसरी.

दीड हजार माना वर वळल्या. सूर्यफुलांचं शेत वळावं तशा, फक्त सूर्याच्या जागी एक म्हातारा. कुणी शुक्‌ शुक्‌ केलं, कुणी हसलं. डॉक्टर दचकून जागे झाले आणि सवयीने टाळ्या वाजवायला लागले, बायकोने हात धरला. आणि बाबा, मी काय केलं माहीत आहे? व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि पहिला भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. दोन ओळी वाजवल्या. कंडक्टरचा रुमाल हातातच राहिला. मागचा ढोलवाला आधी हसला, मग सगळं सभागृह फुटलं. समीक्षकसुद्धा. म्हाताऱ्याला पुन्हा हवंय ना, घ्या, असा विनोद. मग मी थांबले, हसले, वाकून त्या सज्जाला नमस्कार केला. आणखी हशा. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं: "वादिकेची विनोदबुद्धी तिच्या बोटांइतकीच चपळ."

दारावरचा माणूस वर गेला. म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं. एक बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की मला खाली ऐकू आलं, "आजोबा, घरचे सोडतात कसे तुम्हाला एकटं?" पुन्हा हशा. तो माणूस म्हाताऱ्याला पायऱ्यांवरून घेऊन गेला, दार बंद झालं, आणि आम्ही दुसरा भाग सुरू केला.

शेवटी सगळे उभे राहिले, फुलं, दोनदा परत यावं लागलं. पण बाहेर पडताना जिन्यात लोक बोलत होते ते त्या म्हाताऱ्याबद्दल. एक तरुण मुलगा पाठीत पोक काढून त्याची नक्कल करत होता. दोन टाळ्या, थांबा, तिसरी. छान जमली होती.

कोण असेल हो तो? तुम्हाला काय वाटतं?

तुमची
भिंगरी


१४ नोव्हेंबर

माझी भिंगरी,

पत्र वाचून खूप हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शिंप्यालाही वाचून दाखवलं. तो मात्र हसला नाही, बटण लावत बसला. शिंप्यांना विनोद कळायला माप घ्यावं लागतं.

असेल कुणी. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ना. ज्याला यति कुठे आणि ओळीचा शेवट कुठे हे कळत नाही, त्याने कवितेच्या वाटेला जाऊ नये आणि संगीताच्या तर नाहीच. वर्गात असा एखादा असतोच, सगळे थांबले की हा एकटा पुढची ओळ म्हणतो. पण तूही त्याच्यावर फार रागावू नकोस. त्या कोपऱ्यात खांबामागे बसलेल्या माणसाला दिसणार तरी काय? तुझा हातही दिसला नसेल. नुसतं कानावर विसंबून राहायचं, आणि म्हाताऱ्याचा कान म्हणजे गळकं भांडं. काहीतरी जुनं त्यातून वाहून आलं असेल.

तू सज्जाला वाकून नमस्कार केलास, हे मला फार आवडलं. लोक काही म्हणोत, नमस्कार तो नमस्कार. ज्याला केला त्याला तो पोचला असणार.

एक सांगू? पत्र उत्तम आहे, सूर्यफुलांचं शेत तर मी वर्गात फळ्यावर लिहिलं असतं. पण "धडाम" हा शब्द घाईत पडलाय. त्याआधी मी एकटीच वाजवते असं लिहितेस, तिथे थांबायला हवं होतं. तो परिच्छेद पुन्हा लिहून पाठवलास तर मी हे पत्र चांगल्या कागदांत ठेवीन.

खोकला कमी आहे.

तुझा बाबा


२ डिसेंबर

बाबा, नमस्कार.

खांबाचं मी लिहिलं नव्हतं. असो.

परिच्छेद पुन्हा लिहायला वेळ नाही. आम्ही दौऱ्यावर आहोत, सहा गावं, सगळीकडे तोच कॉन्सर्टो. आणि ऐका गंमत. पेपरातलं वाचून लोकांना आता तो विनोद हवा आहे. मॅनेजर म्हणाला, का नाही द्यायचा? पहिल्या गावात त्याने सभागृहाच्या वीजवाल्याला सज्जात बसवलं. तीन टाळ्या वाजव, म्हणून सांगितलं. त्याने उत्साहात सात वाजवल्या. दुसऱ्या गावात नीट जमलं. तिसऱ्या गावात तर वीजवाल्याची गरजच पडली नाही, सगळ्या सभागृहानेच वाजवल्या, एक, दोन, आणि मग सगळे मिळून जरा थांबून, तीन. हजारभर माणसं एका म्हाताऱ्याची नक्कल करतायत. आणि मी रोज व्हायोलिन उचलून दोन ओळी वाजवते.

लोक खूश आहेत. तिकिटं संपतात. फक्त दुसरा भाग कुणी ऐकत नाही. तो अगदी हळू सुरू होतो, आणि तेव्हा लोक अजून रुमालाने हसू पुसत असतात, शेजाऱ्याला सांगत असतात की बघ, म्हटलं नव्हतं? परवा मी तो भाग वाजवताना पहिल्या रांगेतली एक मुलगी आईला विचारत होती, "आता पुन्हा कधी करणार?"

मॅनेजर म्हणतो, तो मूळचा म्हातारा सापडला तर बघा. त्याला दौऱ्यावर घेऊ, जाण्यायेण्याचं देऊ, वर कोट देऊ. मी म्हटलं, विचारून बघते.

काय म्हणता, येईल का तो?

तुमची
भिंगरी


९ डिसेंबर

माझी भिंगरी,

खांबाचं काय घेऊन बसलीस? सज्जा म्हटला की खांब आलाच. सज्जा अधांतरी कसा राहील? शिक्षकाला अनुमान करायची सवय असते.

तो म्हातारा तुझ्या मॅनेजरला सापडायचा नाही. अशी माणसं एकदाच बाहेर पडतात. आता बसला असेल कुठेतरी पायावर पांघरूण घेऊन. त्याला थंडी बाधली असेल.

पण तुझा वीजवाला चुकतो, एवढं मला पत्रावरूनही कळतं. टाळी म्हणजे नुसता आवाज नव्हे. त्याला सांग, डावा तळहात हलवायचा नाही, उजवा जरा खोलगट धरायचा. दुसऱ्या टाळीनंतर श्वास घ्यायचा, आणि त्या थांब्यात समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. आता पडते की नाही, असं त्याला वाटलं पाहिजे. मग तिसरी. तू खोक्यावर उभी असायचीस तेव्हा त्या थांब्यात तुझे डोळे एवढे मोठे व्हायचे. दोन दिवेच. तसे डोळे मी नंतर कुणा विद्यार्थ्याचे पाहिले नाहीत.

एक विचारू? त्या माणसाला बाहेर नेलं तेव्हा तो तुला दिसला होता का? म्हणजे नुसतं कुणीतरी चाललंय असं दिसलं, की तोंड दिसलं? सहज विचारतोय. शेवटच्या बाकावरच्या माणसाला शिक्षकाची नजर आपल्यावर पडली की नाही, हे कधीच कळत नाही.

तुझा बाबा


२० डिसेंबर

बाबा,

दिसला.

सज्जातल्या दिव्याखालून नेत होते तेव्हा तोंडही दिसलं आणि कोटही. बाही उसवून पुन्हा शिवलेली, दोरा दुसऱ्या रंगाचा. पण बाहीची गरज नव्हती. पहिल्या दोन टाळ्यांनंतर जो थांबा आला, तेवढ्यातच मला कळलं होतं की वर कोण बसलंय.

मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली. प्रत्येकात एक जागा सोडली होती, तुम्ही म्हणावं म्हणून: अगं, तो मी होतो. तुम्ही स्वतःला गाढव म्हणालात, पण मी होतो म्हणाला नाहीत. म्हणून मी दुसरं पत्र लिहिलं, आणखी जरा बोचणारं. मला त्यात मजा यायला लागली होती, हेही सांगून टाकते.

आता तुमच्या हौसेबद्दल.

स्वयंपाकघराला एकच दार होतं, बाबा. तुमची खुर्ची त्याला टेकलेली असायची. आई बाहेरून म्हणायची दूध निवलं, ते तुम्हाला कवितेतल्या ओळीसारखं आठवतं. ती दार ढकलत असायची. मी खोक्यावरून बघायचे, खुर्चीचे मागचे पाय जरासे हलायचे आणि तुमच्या वजनाने पुन्हा टेकायचे. "आता बरोबर आहे का" हे मी हौसेने विचारत नव्हते. मला लघवीला जायचं असायचं.

दोन टाळ्या म्हणजे शाबास. तिसरी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्यामधल्या ज्या थांब्याला तुम्ही यति म्हणता, त्यात माझे डोळे मोठे व्हायचे, कारण मी मनात म्हणत असायचे, नको, नको, नको. तुम्ही बघत असायचात. आणि बघून वाजवायचात. एकदाही दोनांवर थांबला नाहीत.

चोवीस तारखेला मी विनोद केला नाही. तिसरी टाळी पडली आणि माझ्या हातांनी व्हायोलिन उचललं, मला न विचारता. दोन ओळी वाजल्यावर मला कळलं मी काय करतेय. लोक हसले म्हणून मी सुटले. ते हसले नसते तर मी सगळा भाग पुन्हा वाजवला असता आणि शेवटी त्या दीड हजार लोकांसमोर वर बघून विचारलं असतं, आता बरोबर आहे का. हशा ऐकल्यावर मी हसले, नमस्कार केला. त्या नमस्कारात नमस्कार नव्हता. सगळ्यांनी तुम्हाला नीट बघावं, एवढंच होतं.

मग तुम्हाला नेलं. मी हात वर केला असता तर तो माणूस थांबला असता. ते माझे वडील आहेत, एवढं म्हणायचं होतं. मी दार बंद व्हायची वाट बघितली. लाकडाचा आवाज आला, मग मी कंडक्टरकडे बघून मान हलवली. आणि बाबा, तो दुसरा भाग जसा गेला तसा मी आयुष्यात कधी वाजवला नव्हता. तुम्ही बाहेर होतात म्हणून.

दौरा संपला. वीजवाला नको म्हणून मी मॅनेजरला सांगितलं, पण त्याने काही होत नाही. कुणी टाळी वाजवो न वाजवो, पहिला भाग संपला की त्या शांततेत माझे हात वाट बघतात. फेब्रुवारीत पुन्हा त्याच सभागृहात आहे. असेच हात घेऊन मी तिथे उभी राहू शकत नाही, आणि एकदा राहिले नाही तर मग कधीच राहणार नाही.

मला तुमच्याकडून माफी नको. समजूत नको, आठवणी तर अजिबात नकोत. एका कार्डावर एकच शब्द लिहून पाठवा: पुरे. तुमच्या अक्षरात. मी ते व्हायोलिनच्या पेटीत ठेवीन.

भिंगरी


४ जानेवारी

माझी भिंगरी,

पत्र मिळालं, वाचलं, आणि समोर शिंप्याकडे जाऊन बसलो. त्याने मशीन चालू ठेवली, म्हणजे मला काही बोलावं लागू नये. मग घरी येऊन पुन्हा वाचलं.

हो, तो मी होतो.

मला बाहेर नेऊन लोकांच्या कोटांच्या रांगेत उभं केलं होतं. ओल्या लोकरीचा वास येत होता. दाराला कातडं लावलेलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, तरी थोडा जातोच. दुसरा भाग मी तिथून ऐकला. कान दाराला लावला तर तो माणूस म्हणाला, "आजोबा, डाग पडेल." मग एक बोट लांब ठेवून ऐकलं. तुझी आई इतकी वर्षं दाराबाहेरून कशी ऐकत असेल, हे तेव्हा मनात आलं. आजवर कधी आलं नव्हतं. आणि जे ऐकलं ते असं होतं, जसं वर्षभर पाठ म्हणणाऱ्या मुलीला एके दिवशी अचानक अर्थ कळावा आणि तिचा आवाजच बदलावा. मी कोटांमध्ये उभा राहून रडलो. कुणाच्या तरी बाहीला डोळे पुसले. तो भाग तू माझ्या नसण्यासाठी वाजवलास, हे आता तुझ्या पत्राने कळलं. कळलं ते बरंच झालं.

तू कार्ड मागितलंस. लगेच आणलं. शब्द लिहिला. पण हात कापतो आता, पहिल्याच अक्षराचा उकार खाली घसरला. मी आयुष्यभर मुलांना पुस्ती गिरवायला लावली, मुलीला असं अक्षर कसं पाठवू? फाडलं. दुसरं आणलं. त्यावर शाई जास्त झाली. तिसरं बरं आलं होतं, पण रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं तर शब्द कार्डाच्या मधोमध नव्हता. अजून पाठवण्याजोगं आलेलं नाही. मी प्रयत्न करतोय.

आणि खरं सांगू? लोकांनी तुला खोटं सांगितलं तर चालेल, बापाने सांगू नये. पहिल्या भागाच्या शेवटी ती उतरंड आहे ना, तिथे एक सूर घाईत गेला. संगीतातलं मला कळत नाही असं मी म्हणतो, पण तुझ्यातलं मला कळतं. दीड हजारांत कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. नियम मला पाठ होता, तुझं पत्र खिशात होतं, मी हात मांड्यांखाली घेऊन बसलो होतो. तरी निघाले. तुझे हात तुला विचारत नाहीत, माझे मला विचारत नाहीत. आपली दोघांची एकच शाळा.

या पत्राचंही तसंच आहे बघ. खुर्चीचे मागचे पाय हलायचे, इथपर्यंत उत्तम उतरलंय, माझ्या अंगावर काटा आला. पण पुढे तुला राग आला आणि वाक्यं उतारावर धावत सुटली. तुझ्या आईला दाराशी आणलंस आणि तिथेच विसरलीस, ती दूध घेऊन उभीच. लघवीची ओळ चांगल्या पत्रात शोभत नाही. आणि शेवटी मागणं मागताना आवाज चढू नये, खाली यावा.

शांत डोक्याने बस आणि हे पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहून पाठव. तोवर मीही कार्ड नीट करतो. तुझं पत्र आलं की लगेच पोस्टात टाकीन.

तुझा बाबा


१२ जानेवारी

बाबा, नमस्कार.

पत्र पुन्हा लिहीत आहे.

चोवीस ऑक्टोबरचा कार्यक्रम चांगला झाला. गुडघ्यांमुळे तुम्हाला येता आलं नाही, याचं वाईट वाटलं. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेतले डॉक्टर जागे होते. पहिला भाग संपल्यावर सगळे शांत बसले, कुणी मधे टाळी वाजवली नाही. उतरंडीवर एक सूर घाईत गेला, तो मी रोज घोटते आहे. दुसरा भागही ठीक गेला. शेवटी सगळे उभे राहिले. अगदी वरच्या सज्जातलेसुद्धा.

लहानपणी मला फार हौस होती. मी खोक्यावर उभी राहायचे आणि तुम्ही खुर्चीत बसायचात. दार उघडं असायचं. आई आत यायची. दूध गरम असायचं.

कार्डाची घाई नाही. नीट आलं की पाठवा.

आता बरोबर आहे का?